बोर्डीच्या अंगणापासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत

आम्ही सहाजणी अंगणवाडी सेविका आज तुमच्याशी बोलतोय. गेले काही महिने आम्ही एक ऑनलाइन अभ्यासक्रम करतोय. विषय आहे लहान मुलांच्या केंद्राचं नेतृत्व आणि व्यवस्थापन. दुपारी अंगणवाडी सुटली, घरचं आवरलं, की शाळेच्या ओट्यावर जमायचं, कारण रेंज तिथंच येते. एका मोबाइलवर तिघीतिघी बसतो. व्हिडिओ बघायचा, वहीत उतरवून घ्यायचं आणि शेवटी प्रश्न सोडवायचे.

पहिला धडा इतिहासाचा होता. जर्मनीत १८३७ साली फ्रोबेल यांनी लहान मुलांची शाळा काढली, तीच पुढे किंडरगार्टन म्हणून ओळखली गेली. १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी बालगृह सुरू केलं. त्यानंतर धडा एकदम १९७५ वर, आपल्या सरकारी योजनेवर आला. आम्ही एकमेकींकडे बघितलं. मधली वर्षं कुठं गेली? आपल्याकडच्या बायका तेव्हा काय करत होत्या? म्हणून आजचं हे बोलणं.

ताराबाई मोडक १८९२ सालच्या. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. राजकोटला मुलींच्या अध्यापन महाविद्यालयाच्या त्या प्राचार्य होत्या. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढलं होतं. ताराबाईंनी प्राचार्यपद सोडलं आणि त्या तिथं गेल्या. आपल्यातल्या कुणी असं केलं असतं, तर घरच्यांनी काय म्हटलं असतं, ते सांगायला नको! १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला. बालशिक्षिका तयार करायचं कामही तिथं होऊ लागलं. लहान मुलांना शिकवायचं तर आधी आपण शिकावं लागतं, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

पण शहरातल्या शिशुविहारात खेड्यातलं मूल कसं येणार? १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या. डहाणू तालुक्यातलं हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता ते पालघर जिल्ह्यात आहे. तिथं त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. त्यानंतर शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण वस्तीवरची गरीब मुलं यायला तयार नव्हती. आईबाप मजुरीला जायचे आणि मोठी पोर धाकट्याला सांभाळायची. मग बायांनी ठरवलं, मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची. हीच अंगणवाडी! कुणाच्या तरी दारापुढची जागा झाडायची, मुलांची तोंडं धुवायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शिंपले, खडे, बिया आणि पानं आली. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आली. धाकटं भावंडं पाळणाघरात राहिलं, की मोठी बहीण वर्गात बसायला मोकळी. तिला त्यांनी विकासवाडी म्हटलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर त्यांनी कुरणशाळा काढली.

आता आमच्या अभ्यासक्रमातला एक प्रश्न सांगतो. ‘केंद्राचं व्यवस्थापन म्हणजे काय?’ आमच्यातल्या बऱ्याचजणींच्या मनात पहिलं उत्तर आलं, रजिस्टर. हजेरी, वजन, आहार, लसीकरण आणि आता मोबाइलवरची माहिती. कारण तपासणीला तेच विचारतात. पण बोर्डीकडे बघितल्यावर कळलं, की मूल का येत नाही हे शोधणं आणि त्याप्रमाणे वेळ, जागा, साधनं बदलणं, हेसुद्धा व्यवस्थापनच. नेतृत्व हा शब्द मोठा वाटतो. त्या दोघींनी मात्र ते अंगण झाडत केलं.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ प्रकल्पांत सुरू झाली. अंगणवाडी हे नाव देशभर पोचलं. पण आहार, वजन, लसीकरण यांच्या घाईत शिकवणं मागं पडलं. आमच्या कामाला पगार नाही, मानधन म्हणतात. ‘पोरं तर सांभाळायची, त्यात काय एवढं?’ हे आम्ही प्रत्येकीनं ऐकलंय. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला, तेव्हा आमच्या कामाला काम म्हटलं गेलं याचा आनंद जास्त होता.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सांगितली आहे. हे शिक्षण मोबाइल आणि टीव्हीवरून देता येईल, पण महिन्यातून निदान एकदा प्रत्यक्ष वर्ग हवा, असंही त्यात म्हटलंय. ही अट महत्त्वाची आहे. व्हिडिओत गोष्ट कशी सांगायची ते दिसतं. पण रडणारं मूल दाराशी अडून बसलं तर काय करायचं, हे दुसऱ्या बाईला करताना बघूनच कळतं. अनुताई ताराबाईंकडून अशाच शिकल्या.

म्हणून आम्ही दोन गोष्टी ठरवल्यात. अभ्यासक्रम पूर्ण करायचा, कारण हातातल्या कामाचा कागद हातात असायला हवा. आणि महिन्यातून एकदा एकमेकींच्या अंगणवाडीत जाऊन बसायचं. ताराबाई १९७३ साली गेल्या, अनुताई १९९२ साली. पण तुमच्याही गावात पहिली बालवाडी कुणीतरी बाईनंच चालवली असेल. तिचं नाव विचारून घ्या आणि आम्हाला कळवा. पुढच्या वेळी आपण तिच्याविषयी बोलू.