वल्हे, पाणमांजर आणि रशियन कंपनी : अल्यूशियन बेटांतील कयाकचा इतिहास

अलास्काच्या टोकापासून कामचाटकाच्या दिशेने समुद्रात बेटांची एक लांब माळ गेली आहे. ही अल्यूशियन बेटे. उत्तरेला बेरिंग समुद्र, दक्षिणेला पॅसिफिक, आणि वर्षभर वारा व धुके. येथील मूळ रहिवासी स्वतःला उनांगन म्हणतात. ‘अल्यूट’ हे नाव रशियनांनी रूढ केले. एका माणसाच्या अरुंद, कातड्याने मढवलेल्या होडीतून हे लोक मासेमारी आणि शिकार करत. तिला त्यांच्या भाषेत इक्याख म्हणतात. आज जगभर वापरला जाणारा ‘कयाक’ हा शब्द ग्रीनलंडकडून आला, पण होडीची जात तीच.

होडीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, वल्ह्याबद्दल फार थोडे. तुम्ही मात्र या पाठात वल्ह्यावर नजर ठेवा. अठराव्या शतकात या बेटांवर जे घडले त्याचे एक कारण वल्हे धरणाऱ्या हातांत आहे.

आधी कामाचे स्वरूप समजून घेऊ. बेटांवर झाडे जवळजवळ नाहीत. समुद्राने वाहून आणलेल्या लाकडाचा सांगाडा करायचा आणि त्यावर समुद्रसिंहाचे कातडे चढवायचे. कातड्याची शिवण बायका घालत, आणि ती अशी की आत पाणी शिरत नसे. (पुरुषांच्या शौर्याच्या वर्णनांत ही शिवण सहसा विसरली जाते, ती उसवली तर शौर्य बुडालेच.) अशा होडीची रुंदी सुमारे अर्धा मीटर. पाय लांब करून बसायचे आणि खोल पाण्यात हॅलिबट या चपट्या माशासाठी गळ सोडायचा. गळ लाकडाचा, त्याला हाडाचे टोक, वजनाला दगड, आणि दोर समुद्रशैवालाच्या लांब देठांचा. हॅलिबट माणसाएवढ्या वजनाचा, कधी त्याहूनही भारी असतो. तो जिवंत होडीवर घेतला तर एका फटक्यात होडी उलटते. म्हणून बाजूला ओढून आणून आधी सोट्याने मारावा लागतो.

आता स्वतःला त्या होडीत बसवून पाहा. दोन्ही हात दोरावर आहेत. वल्हे कुठे ठेवाल?

वल्ह्याच्या निवडीतला हा पहिला प्रश्न आहे, आणि तो वेगाचा नाही. दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे आडवे धरले किंवा होडीवरच्या वादीखाली अडकवले, तर पाण्यावर टेकलेले पाते होडीला आधार देते. एरवी डगमगणारी होडी त्या टेकूने स्थिर राहते. यासाठी दोन्ही पाती एकाच पातळीत असावी लागतात. आजच्या पुष्कळ वल्ह्यांत वारा कापण्यासाठी पाती एकमेकांशी कोन करून बसवतात. तसे असेल तर एक पाते पाण्यावर सपाट टेकते आणि दुसरे वाऱ्यात उभे राहते. मोठ्या लाटांत दोन होड्या शेजारीशेजारी आणून त्यांच्यावर वल्ही आडवी टाकली की दोघांना मिळून एक रुंद तराफा मिळे.

दुसरा प्रश्न पात्याच्या रुंदीचा. रुंद पाते एका ओढीत जास्त पाणी ढकलते, पण खांद्यावर जास्त ताण आणते आणि वाऱ्यात अडकते. अरुंद, लांब पाते दिवसभर वल्हवता येते, आणि पाण्यात आवाज न करता शिरते. शिकाऱ्याला हे शेवटचे फार महत्त्वाचे. लांबीचे मापही माणसाच्या अंगावरूनच ठरे. ग्रीनलंडच्या परंपरेतला एक ढोबळ नियम आजही सांगितला जातो: दोन्ही हात पसरल्यावरची लांबी, अधिक कोपरापासून बोटांपर्यंतचे अंतर. म्हणजे एकाचे वल्हे दुसऱ्याला सहज चालत नसे. जवळच्याच कोडियाक बेटावरील सुगपियाक लोक मात्र होडीत गुडघ्यांवर बसून बहुधा एकाच पात्याचे वल्हे वापरत. बसण्याची पद्धत बदलली की वल्हेही बदलते. यात कोण पुढारलेला हा प्रश्नच उद्भवत नाही.

१७४१ मध्ये बेरिंगची मोहीम या किनाऱ्यावर आली. तिच्यातले वाचलेले लोक पुढच्या वर्षी समुद्री पाणमांजराची कातडी घेऊन परतले. ही लव अतिशय दाट असते, आणि चीनमध्ये तिला प्रचंड भाव होता. रशियन व्यापारी बेटांकडे धावले. पाणमांजर पाण्यात शिकार करण्याचे कसब मात्र त्यांच्याकडे नव्हते. एका हाताने वल्हे सांभाळत दुसऱ्या हाताने, फेकफळीच्या साहाय्याने भाला मारायचा, तोही लाटेवर. हे लहानपणापासूनच शिकावे लागते. कसब उचलून नेता येईना, म्हणून माणसेच धरली गेली. गावातल्या मुलांना ओलीस ठेवून पुरुषांना शिकारीला पाठवत. या ओलिसांसाठी रशियन शब्द होता ‘अमानात’. तो अरबी मुळाचा, आपल्या ‘अमानत’चाच भाऊबंद, आपण विश्वासाने ठेवलेल्या वस्तूला जे नाव देतो, तेच तिथे धरून ठेवलेल्या पोराला होते.

१७६३ च्या हिवाळ्यात उनांगनांनी उठाव करून काही रशियन जहाजे नष्ट केली. त्याचा सूड अत्यंत क्रूरपणे घेतला गेला. १७९९ मध्ये रशियन-अमेरिकन कंपनीला मक्तेदारी मिळाली. १८२१ च्या सनदेने तर १८ ते ५० वयाच्या निम्म्या पुरुषांना कामावर घेण्याचा हक्कच तिला दिला. शेकडो होड्यांचे ताफे घरापासून दूर, पुढे थेट कॅलिफोर्नियापर्यंत गेले. मागे गावात हिवाळ्यासाठी मासे साठवायला धडधाकट माणूस उरत नसे. रोगराईइतकाच या उपासमारीचा वाटा लोकसंख्येच्या घसरणीत आहे, हे विसरू नका. तीन बैठकींची ‘बैदार्का’ याच काळात रूढ झाली: पुढे एक वल्हेकरी, मागे एक, आणि मध्ये स्वतः न वल्हवता बसलेला रशियन अधिकारी किंवा पाद्री. होडीचा आकार असा साहेबाच्या सोयीने बदलला. वल्हे बदलले नाही, कारण ते त्याच्या हातात कधी आलेच नाही.

या व्यापाराची झळ भारताच्या बंदरांपर्यंत पोहोचली होती. कुकच्या खलाशांनी कँटनला कातडी चढ्या भावाने विकल्याची बातमी पसरताच, १७८५ च्या अखेरीस जेम्स स्ट्रेंजची दोन जहाजे मुंबईहून अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याकडे निघाली. त्यांना फारसा नफा झाला नाही.

१८६७ मध्ये अलास्का अमेरिकेला विकला गेला. शिकार चालूच राहिली, आणि १९११ च्या आंतरराष्ट्रीय कराराने पाणमांजरांना संरक्षण मिळाले तेव्हा त्यांचे थोडेच कळप शिल्लक होते. तोवर इक्याख बांधणारे हातही विरळ झाले होते. अलीकडे या बेटांवरील उनांगन मुले जुन्या नमुन्यांवरून पुन्हा सांगाडे बांधायला शिकत आहेत. ही होडी एका बैठकीची आहे.