चामडी बुटांचा घोडा

ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउडनजीक, जेथे ओढ्यांच्या पाण्यावर लोकरी कापडाच्या गिरण्या चालत, तेथे एडविन बडिंग नामक यंत्रज्ञाने कापडाची लव कातरणारे यंत्र पाहून हिरवळही तशीच कातरता येईल असा तर्क केला, आणि १८३० साली त्या युक्तीची सनद मिळविली. विस्तीर्ण बागांत पुढे ते यंत्र घोड्यास जुंपू लागले. खुरांचे ठसे हिरवळीवर उमटू नयेत म्हणून त्यास चामडी बूट चढवीत, हा थाट आपल्या मोटेच्या बैलाने पाहिला असता तर तो खचितच हसला असता.

१९०२ साली इप्सविचच्या रॅन्सम्स कारखान्याने माळ्यास वर आसनस्थ होता येईल असे पेट्रोलचे यंत्र विक्रीस काढले, तेव्हा वाड्यावाड्यांच्या कारभाऱ्यांपुढे जुने ठेवावे की नवे घ्यावे, हा पेच उभा राहिला. काम नसतानाही घोडा दाणावैरण खातो, उभी मोटार काही खात नाही, हा जमाखर्च उघडच यंत्राच्या बाजूचा; परंतु घोडा गाडीही ओढतो आणि खतही देतो, ही बाब वहीच्या कोणत्या रकान्यात मांडावी? घोडा राखणाऱ्यास निदान मी तरी जुनाट म्हणणार नाही. १९१४ साली महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश लष्कराने खाजगी घोडे सरकारजमा केले, आणि कित्येक तबेल्यांपुरता हा निवाडा परस्परच झाला.