मधली पायरी
(भारताच्या एकोणीस वर्षांखालील मुलींच्या क्रिकेट संघाची पूर्वकथा)

महिलांचा पहिला क्रिकेट विश्वचषक १९७३ साली इंग्लंडमध्ये झाला, म्हणजे पुरुषांच्या पहिल्या विश्वचषकाच्या दोन वर्षे आधी. त्या स्पर्धेत सात संघ होते आणि त्यांपैकी एकाचे नाव होते 'यंग इंग्लंड'. यजमानांनी आपल्या मुख्य संघाबरोबर पंचवीस वर्षांखालील मुलींचाही एक संघ उतरवला होता. तरुण मुलींना मोठ्या सामन्यांची सवय हवी, ही जाण महिला क्रिकेटमध्ये इतकी जुनी आहे.

त्या विश्वचषकात भारत नव्हता. पण त्याच वर्षी एप्रिल महिन्यात पुण्यात भारतातली पहिली आंतरराज्य महिला स्पर्धा भरली. संघ तीनच होते : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. महेंद्रकुमार शर्मा यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या भारतीय महिला क्रिकेट संघटनेचा तो श्रीगणेशा होता. पुढची स्पर्धा वाराणसीला झाली, तेव्हा आठ संघ आले.

१९७५ साली भारतात पहिला परदेशी महिला संघ खेळायला आला, तोही तरुणींचाच : ऑस्ट्रेलियाचा पंचवीस वर्षांखालील संघ. पुणे, दिल्ली आणि कलकत्ता अशा तीन ठिकाणी सामने झाले आणि तिन्ही ठिकाणी भारताची कर्णधार वेगळी होती : उज्ज्वला निकम, सुधा शाह आणि श्रीरूपा बोस. पुढच्याच वर्षी शांता रंगास्वामी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला पहिली कसोटी खेळल्या आणि वेस्ट इंडिजविरुद्ध पाटण्याला पहिला विजयही मिळवला.

संघटनेजवळ पैसा नव्हता. खेळाडू आरक्षण नसलेल्या डब्यातून प्रवास करीत आणि मुक्कामाला सतरंजीवर झोपत. तरीही संघटनेने पंधरा आणि एकोणीस वर्षांखालील मुलींसाठी देशांतर्गत स्पर्धा सुरू केल्या, हे तिचे मोठे श्रेय. उणीव होती ती त्यापुढच्या पायरीची. मुलांसाठी एकोणीस वर्षांखालील विश्वचषक १९८८ साली सुरू झाला आणि १९९८ पासून तो नियमित भरू लागला. मुलींसाठी तशी जागतिक स्पर्धा सुरू व्हायला २०२३ साल उजाडावे लागले. मधली पस्तीस वर्षे गुणी मुलगी राज्याच्या संघातून थेट थोरल्यांच्या संघात जाऊन पडत असे.

काही जणी त्यातही तरून गेल्या. मिताली राजने १९९९ मध्ये सोळाव्या वर्षी पहिल्याच एकदिवसीय सामन्यात नाबाद ११४ धावा केल्या. आपल्या सांगलीची स्मृती मानधना २०१३ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, भारताकडून खेळली आणि ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्राच्या एकोणीस वर्षांखालील संघाकडून गुजरातविरुद्ध तिने नाबाद २२४ धावा ठोकल्या. चार वर्षांनी मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने त्याच वयोगटात सौराष्ट्राविरुद्ध नाबाद २०२ केल्या. ही नावे आपल्याला ठाऊक आहेत, कारण त्या टिकल्या. पायरी नसल्यामुळे ज्या मागे राहिल्या, त्यांची नावे कुठल्याही धावफलकावर नाहीत. इतिहासाच्या अभ्यासकाला ही दुसरी यादी अधिक अस्वस्थ करते.

या पार्श्वभूमीवर २९ जानेवारी २०२३ हा दिवस पाहावा. मुलींची पहिली विश्वचषक स्पर्धा खरे तर २०२१ मध्ये बांगलादेशात व्हायची होती. कोविडमुळे ती लांबली आणि शेवटी दक्षिण आफ्रिकेत भरली. पॉचेफस्ट्रूम येथील अंतिम सामन्यात भारताने इंग्लंडला ६८ धावांत गुंडाळले आणि सात गडी राखून चषक जिंकला. बंगालच्या तितास साधूने चार षटकांत सहा धावा देऊन दोन बळी घेतले. भारतीय महिला क्रिकेटमधला हा पहिला विश्वचषक. २००५, २०१७ आणि २०२० या तिन्ही वेळा थोरल्या संघाने अंतिम फेरी गाठून पराभव पाहिला होता. चषक आणला तो धाकट्यांनी.

त्या संघाच्या प्रशिक्षक होत्या नूशीन अल खदीर. २००५ ची अंतिम लढत हरलेल्या संघात त्या खेळाडू होत्या आणि तो सामनाही दक्षिण आफ्रिकेतच, सेंच्युरियनला झाला होता. त्या पिढीचा संघ अजून महिला संघटनेच्या तुटपुंज्या आधारावर उभा होता. ती संघटना क्रिकेट नियामक मंडळात विलीन झाली ती २००६ मध्ये.

कर्णधार शफाली वर्माची गोष्ट तर उलट क्रमाची आहे. पंधराव्या वर्षी ती थोरल्या संघात आली आणि सोळाव्या वर्षी मेलबर्नला टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना हरून बसली. तिच्यासाठी आधी शिखर आले आणि मधली पायरी नंतर बांधली गेली. पॉचेफस्ट्रूमच्या सामन्याच्या आदल्याच दिवशी तिने एकोणीस वर्षे पूर्ण केली होती.

पायरी बांधल्यावर काय होते, ते लगेच दिसले. अंतिम सामन्यानंतर दोन आठवड्यांनी मुंबईत महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला आणि या संघातल्या अनेकींना संघ मिळाले. सप्टेंबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत तितासने श्रीलंकेविरुद्धच्या अंतिम सामन्यात सहा धावांत तीन बळी घेऊन सुवर्णपदकाचा मार्ग मोकळा केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये निकी प्रसादच्या संघाने क्वालालंपूरला दक्षिण आफ्रिकेला नऊ गडी राखून हरवून चषक राखला. त्रिशा गोंगाडीने तीन बळी आणि नाबाद ४४ धावा अशी कामगिरी केली. तिला शेवटपर्यंत साथ दिली उपकर्णधार असलेल्या मुंबईच्या सानिका चाळकेने, नाबाद २६. त्रिशा दोन्ही विजयी संघांत होती. तिच्या पिढीला पायऱ्या क्रमाने मिळाल्या.

मग २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत थोरल्या संघाने एकदिवसीय विश्वचषक जिंकला. जायबंदी खेळाडूच्या जागी ऐनवेळी आलेल्या शफालीने त्या सामन्यात ८७ धावा केल्या आणि दोन बळी घेतले. धाकट्यांच्या चषकानंतर तीन वर्षांच्या आत थोरल्यांचा चषक आला. याला निव्वळ योगायोग म्हणणे मला कठीण वाटते.

आपण अमेरिकेत राहणाऱ्यांनी आणखी एक नोंद ठेवावी. २०२३ च्या त्याच स्पर्धेत अमेरिकेचाही संघ होता. कर्णधार गीतिका कोडाली, प्रशिक्षक गयानाचे शिवनारायण चंद्रपॉल, आणि चमूतल्या पंधराही मुली भारतीय वंशाच्या. गटातले तिन्ही सामने त्या हरल्या. तरी १९७३ च्या पुण्यातल्या तीन संघांची आठवण ठेवली, तर या पराभवांकडे पाहण्याची आपली नजर बदलेल. ती पुण्याची स्पर्धा आणि विश्वचषक यांच्यात पन्नास वर्षे गेली, कारण मधल्या पायऱ्या सावकाश, पदरमोड करून बांधाव्या लागल्या.

इथे मैदाने आहेत, गाड्या आहेत, शनिवार-रविवार मोकळे आहेत. मुलाच्या क्रिकेटच्या सरावासाठी आपण तासभर गाडी हाकतो. मुलीने बॅट मागितली तर तिलाही त्याच मैदानावर घेऊन जावे. पहिली पायरी घरातूनच बांधायची असते आणि ती बांधायला कुठल्याही मंडळाची परवानगी लागत नाही.