रक्ताची वही

नाशिकला रामकुंडावर श्राद्धासाठी गेलेल्या माणसाला तीर्थोपाध्याय आधी विचारतात, "गाव कोणते? आडनाव काय?" मग बासनातली वही सुटते आणि आजोबा-पणजोबांची नावे निघतात. आमच्या अंबडहून पंचवटी काही फार दूर नाही. वडिलांचे बोट धरून हा चमत्कार मी लहानपणी पाहिला आहे. पण नाव-गाव सांगायला माणूसच नसेल, मागे केवळ रक्ताचा एक डाग उरला असेल, तर त्याचे कूळ कोणत्या वहीत पाहावे?

या प्रश्नाचा पहिला धागा रणभूमीजवळ सापडला. पहिल्या महायुद्धात ग्रीसमधील सॅलोनिका येथे लुडविक व हान्का हिर्शफेल्ड या डॉक्टर दांपत्याने १६ लोकसमूहांतील आठ हजारांवर माणसांचे रक्त तपासले. त्यांत आपले हिंदी शिपाईही होते. १९१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : 'बी' गट इंग्रजांत शेकडा ७, तर हिंदी लोकांत शेकडा ४१! पुढे १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निराळाच रक्तगट शोधला. त्याला 'बॉम्बे' हेच नाव पडले. मुंबईकडे तो दहा हजारांत एखाद्याचा, युरोपात दहा लाखांत एखाद्याचा.

तथापि एकाच खुणेवर भिस्त ठेवता येत नाही. 'बी' गटाचा इंग्रजही असतोच. म्हणून आता डीएनएमधील अशा अनेक खुणा एकत्र घेऊन, पूर्वज कोणत्या भूभागातले असावेत याचा अंदाज बांधतात. अमेरिकेत लुइझियाना राज्यात २००३ साली पोलीस एका गोऱ्या खुन्याच्या मागावर होते. ७३ खुणांच्या तपासणीने मात्र पूर्वज शेकडा ८५ आफ्रिकी असल्याचे सुचविले. पुढे ज्याच्याशी डीएनए जुळला तो कृष्णवर्णीयच निघाला.

येथे निरपराध गोरे संशयातून सुटले. पण हेच शस्त्र उलटेही चालू शकते. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. पुढे तो कायदा आपल्याकडेही आला आणि पारध्यांच्या मुलांच्या कपाळी तो डाग बसला. देशभरातून तो उठला १९५२ साली, बॉम्बे गट सापडला त्याच वर्षी.

अंबडच्या कारखान्यांत आज नाना प्रांतांचे लोक शेजारी बसून डबा सोडतात. रक्ताची वही फार तर त्यांच्या पूर्वजांचा मुलूख सांगेल. ज्याने त्याने काय केले, ते तिच्यात लिहिलेले नसते.