पंचवीस मेगावॉटची रेघ

१० नोव्हेंबर १८९७ रोजी दार्जिलिंगजवळच्या सिद्रापोंगला पाण्यावर वीज तयार झाली. ६५ किलोवॉटची दोन यंत्रं, एवढाच तिचा पसारा. पाच वर्षांनी म्हैसूर संस्थानाने कावेरीवरच्या शिवनसमुद्रमची वीज जवळपास दीडशे किलोमीटर दूर, कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत नेली.

मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशाच्या वाफेवर चालत. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर पाऊस धो धो पडे, पण ते पाणी उताराने पूर्वेला, भीमेच्या खोऱ्यात जाई. जमशेटजी टाटांना हे पाणी हवं होतं. १९०४ला ते वारले आणि कंपनी उभी राहिली १९१०मध्ये. लोणावळा, वळवण आणि शिरवट्याला धरणं बांधून पाणी अडवलं आणि नळांतून पश्चिमेला सोडलं. सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला ते तोटीतून सुटतं आणि पेल्टन चाकाच्या दुहेरी वाट्यांवर आदळतं. हे चाक मूळचं कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींतलं. १९१५ साली गिरण्यांना खोपोलीची वीज मिळू लागली. वीजघरातून सुटलेलं पाणी पाताळगंगेत पडतं आणि म्हणूनच ही नदी उन्हाळ्यातही वाहती असते. नद्यांची दिशा फिरवण्याचं हे धाडस आज कुणाला सहजी करू देतील असं वाटत नाही.

तेव्हाही सगळ्यांनी ते मुकाट्याने करू दिलं नव्हतं. भिऱ्याच्या वीजघरासाठी मुळशीला धरण बांधायला घेतलं, तेव्हा १९२१मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते इथेच. धरण झालंच, मावळातली गावं आणि भातखाचरं पाण्याखाली गेली.

पुढे कोयना आली. टप्प्याटप्प्याने तिची क्षमता १,९६० मेगावॉटवर गेली. गंमत अशी, की सरकारी हिशेबात ही वीज कित्येक वर्षं नवीकरणीय नव्हतीच! २५ मेगावॉटपर्यंतचे प्रकल्प नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाकडे, त्यावरचे ऊर्जा मंत्रालयाकडे. २०२२पर्यंत १,७५,००० मेगावॉटचं उद्दिष्ट ठरलं, त्यात लघु जलविद्युतचे ५,००० मेगावॉट धरले आणि कोयना वगळली. पाऊस तोच, पाणी तेच. फरक काय तो खात्याचा. बुडालेल्या गावांकडे बोट दाखवून ही रेघ आखली असती तर निदान पटलं असतं.

मार्च २०१९मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ती पुसली. ऑक्टोबर २०२४मध्ये देशाची नवीकरणीय क्षमता दोन लाख मेगावॉटच्या पुढे गेली, त्यात मोठ्या जलविद्युतचे सुमारे ४७,००० मेगावॉट होते. आता या धरणांकडे आणखी एक काम येतं आहे. दुपारी सूर्याची वीज जास्त झाली की तिच्यावर पंप चालवून पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी दिवे लागले की खाली सोडायचं. उदंचन जलविद्युत म्हणतात ती हीच. घाटघरला २५० मेगावॉटचा असा प्रकल्प २००८पासून आहे, आणि भिऱ्यालाही पाणी उलटं चढवणारं १५० मेगावॉटचं यंत्र बसवलेलं आहे.