जुन्या दप्तरातील शब्द आणि संगणकावरील शब्दकोश



आपल्या संस्थानाच्या जुन्या दप्तरातील काही कागद मोडीतून बाळबोधीत उतरवून झाले असून त्यांच्या प्रती कार्यालयात वाचावयास ठेविल्या आहेत. लिपी बदलली तरी भाषा दोनशे वर्षांपूर्वीचीच राहिली आहे. "अक्षर लागते, पण अर्थ लागत नाही," असे अनेकांनी सांगितले. त्यांच्या सोयीसाठी, संगणकावर विनामूल्य उपलब्ध असलेल्या शब्दकोशांचा उपयोग अशा कागदांसाठी कसा करावा, याची माहिती येथे देत आहे.

आरंभी माझ्या हातून झालेली एक चूक सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी एका जुन्या यादीचे गुजराती भाषांतर मी केले होते. यादीत एका ओळीत "दिवाबत्तीकडे नेमणूक" असे शब्द, पुढे रक्कम, आणि शेवटी "गुजारत" या शब्दानंतर एका सेवेकऱ्याचे नाव होते. गुजरातीत 'निमणूक' हा शब्द रोजच्या वापरातला. मी तो सरळ लिहून टाकला. परिणामी त्या गृहस्थांची दिवाबत्तीच्या कामावर पगारी नियुक्ती झाली होती, असा अर्थ झाला. त्यांच्या वंशजांनी त्या आधारे वंशपरंपरागत हक्काची मागणी केली आणि मंडळाच्या दोन सभा त्या वादात गेल्या. कोणी कोणाला खोटे म्हणत नव्हते. कागद सर्वांसमोर होता आणि सर्वजण तो माझ्या भाषांतरातून वाचत होते.

अखेर शब्दकोश उघडला तेव्हा उलगडा झाला. नेमणूक म्हणजे एखाद्या खर्चासाठी ठरवून दिलेली रक्कम, असाही अर्थ असून सरकारी हिशेबाच्या जुन्या कागदांत तोच अधिक आढळतो. गुजारत म्हणजे 'अमक्याच्या हस्ते'. तेव्हा ओळीचा अर्थ असा, की देवापुढील दिव्यासाठी सालीना इतकी रक्कम ठरलेली असून ती या गृहस्थांच्या हस्ते पोचली. नियुक्तीचा पुरावा त्यातून निघत नाही. मात्र श्रींच्या तेलाचा पैसा ज्यांच्या हाती विश्वासाने दिला जात असे, असे ते घराणे होते, हे त्याच ओळीवरून सिद्ध होते. त्या घरातील वडीलधाऱ्यांनी ही गोष्ट मोठ्या मनाने मान्य केली. भाषांतर दुरुस्त केले आहे.

आता कोशांविषयी. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररी या संकेतस्थळावर मराठीचे अनेक कोश एकत्र मिळतात. त्यांपैकी आपल्या कामास सर्वांत उपयुक्त म्हणजे मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश. त्याची पहिली आवृत्ती १८३१ साली व सुधारून वाढविलेली दुसरी १८५७ साली मुंबईस निघाली. पेशवाई १८१८ मध्ये संपली. म्हणजे ज्यांनी दप्तरी भाषा कारकुनीत प्रत्यक्ष वापरली होती, अशी माणसे हयात असतानाच हा कोश सिद्ध झाला. परक्या माणसाने केलेला कोश कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटते. परंतु त्याच्या कामात एतद्देशीय शास्त्री मंडळींचा मोठा हात होता, आणि पेशवाई दप्तराचा शब्द इतक्या जवळून टिपणारा दुसरा कोश मला तरी ठाऊक नाही.

शोध घेताना शब्द देवनागरीत लिहिता येतो. जुन्या लेखनपद्धतीचे मात्र भान ठेवावे. मोल्सवर्थमध्ये 'नेमणे' नाही, 'नेमणें' आहे. 'करणे' नाही, 'करणें' आहे. अनुस्वार न दिल्यामुळे शब्द सापडला नाही, अशी तक्रार घेऊन येणारेच अधिक. विभक्ती प्रत्यय काढून मूळ शब्द लिहावा. ऱ्हस्व-दीर्घ उलटसुलट करून पाहावे, कारण दप्तरातील कारकून आपल्या शुद्धलेखनाला बांधलेले नव्हते. तरीही न सापडल्यास संपूर्ण मजकुरात शोध घेण्याची सोय आहे. तेथे दिवा, देऊळ, मूर्ती या अर्थाचा इंग्रजी शब्द घालून उलट दिशेनेही जाता येते. शब्दापुढे एस असल्यास तो संस्कृत, पी असल्यास फारसी, ए असल्यास अरबी, एच असल्यास हिंदुस्थानी. हे अक्षर पाहण्याची सवय ठेवावी. एक अर्थ सापडताच थांबू नये. क्रमांक घालून दिलेले सर्व अर्थ वाचावेत व कोणता अर्थ ओळीत बसतो ते पाहावे. माझी चूक नेमकी येथे झाली होती. मी तर पहिला अर्थही पाहिला नव्हता.

त्याच संकेतस्थळावर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे. त्याचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले व पुरवणी १९५० साली. ज्यांना इंग्रजी अडचणीचे वाटते त्यांनी हाच वापरावा. अर्थ मराठीत असून आधारासाठी ग्रंथांतील उतारे दिले आहेत, 'ज्ञा.' म्हणजे ज्ञानेश्वरी, अशी संक्षेपचिन्हे थोड्या सवयीने कळू लागतात. तुळपुळे व फेल्डहाउस यांचा १९९९ चा जुन्या मराठीचा कोशही तेथे आहे, पण तो यादवकालीन भाषेचा. लीळाचरित्र वाचणाऱ्यांना तो अनमोल असला, तरी इनामाच्या कागदाला त्याचा उपयोग नाही.

आपण बडोद्याची माणसे. आपल्या दप्तरात गुजराती महसुली शब्द जागोजागी मिसळले आहेत. पसायता म्हणजे चाकरीबद्दल दिलेली जमीन. बारखली म्हणजे जिचे पीक सरकारी खळ्यात येत नसे, अशी इनामी जमीन. हे शब्द मराठी कोशांत शोधत बसण्यापेक्षा गोंडळचे महाराजा भगवतसिंहजी यांनी सिद्ध करविलेला भगवद्गोमंडल पाहावा. त्याचे नऊ भाग १९४४ ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाले असून तोही संगणकावर आहे. आपल्या संस्थानातही श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९३१ साली, श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु हा राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश निघाला होता. तो जुन्या शब्दांच्या अर्थासाठी नव्हे, तर इंग्रजी कारभारी शब्दांना देशी प्रतिशब्द देण्यासाठी रचलेला आहे, हे लक्षात ठेवावे.

काही शब्द ओळखीचे वाटतात म्हणूनच फसवतात. वर्षासन व्यक्तीच्या निर्वाहासाठी असते, देवाच्या खर्चासाठी नव्हे. दोहोंची गल्लत झाली, तर देवाचे उत्पन्न कोणाचे, हाच प्रश्न उलटा होतो. "हकदार व इनामदार खेरीज करून" येथील खेरीज म्हणजे 'वगळून': गावावर ज्यांचे हक्क आधीपासून आहेत ते कायम ठेवून बाकीचे दिले. तसलमात म्हणजे पुढे हिशेब देण्याच्या बोलीवर दिलेली उचल. ती देणगी समजू नये. आणि मशारनिल्हे म्हणजे 'वर सांगितलेले गृहस्थ'. आमच्या एका उत्साही सभासदांनी देणगीदारांच्या यादीत या नावाच्या घराण्याचा आठवडाभर शोध घेतला होता.

कोश जेथे थांबतो ती जागा म्हणजे संक्षेप आणि कालगणना. 'रा।' म्हणजे राजश्री, 'पै॥' म्हणजे पैवस्ती, अर्थात कागद पोचल्याची तारीख, आणि तारखेमागील 'छ' म्हणजे चंद्र: मुसलमानी चांद्रमासातील दिवस. वर्ष बहुधा सुहूर सनाचे, अरबी अंकशब्दांत, एकं स्थानापासून उलटे लिहिलेले असते. "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होते. त्यात मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व पुढे ६०० मिळवावेत. जानेवारी १७६१ मधील पानिपतचा संग्राम याच सालातला. सबा सात आणि सबैन सत्तर, समान आठ आणि समानीन ऐंशी. येथे एका अक्षराने कागद साठ-सत्तर वर्षे मागेपुढे सरकतो. गुजरातेतील विक्रम संवत कार्तिकात बदलतो आणि उत्तरेतील चैत्रात, त्यामुळे चैत्र ते आश्विन या महिन्यांत दोहोंत एका वर्षाचा फरक पडतो. ग्वाल्हेर वा हैदराबादेकडील आप्तांचे कागद पाहताना फसली सनाचेही असेच आहे: हैदराबाद संस्थानच्या फसलीत साधारण ५९० मिळवावे लागतात, उत्तरेकडील फसलीत ५९२.

हक्क, जमीन अथवा उत्पन्न यांचा प्रश्न असेल, तर केवळ कोशावर विसंबून अर्ज करू नये. मूळ मोडी कागद जाणकाराकडून पुन्हा वाचवून घ्यावा. कित्येकदा शब्द अवघड नसतो, लिप्यंतर चुकलेले असते.

न लागलेला शब्द कार्यालयात कळविताना सुटा शब्द लिहू नये. ती संपूर्ण ओळ, तिच्या वरची व खालची ओळ आणि कागदाचा क्रमांक द्यावा. अर्थ लागलेल्या शब्दांची वही कार्यालयातील कपाटात ठेवली असून ती कोणासही पाहता येईल. वहीतील एखादा अर्थ चुकीचा वाटल्यास तो खोडू नये. शेजारी आपले मत, कोशाचे नाव व तारीख लिहावी.

— चिटणीस