उपग्रह दिक्चालन
उपग्रहांच्या रेडिओ संदेशांवरून पृथ्वीवरील स्थान ठरवण्याची पद्धत. संदेश पोहोचायला लागलेल्या वेळेवरून अंतर निघते. ग्राहक यंत्राचे घड्याळ साधे असल्याने किमान 4 उपग्रह लागतात. वेळेत एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात सुमारे 300 मीटरचा फरक. म्हणून उपग्रहांत आण्विक घड्याळे असतात. नागपुरात गांधीबागेच्या कापडबाजारासारख्या दाट वस्तीत संदेश भिंतींवरून परावर्तित होतात आणि मोबाइलवरचा ठिपका शेजारच्या गल्लीत सरकतो. माल पोहोचवणाऱ्याला ही अडचण खरी जाणवते. अमेरिकेच्या जीपीएसप्रमाणे भारताची ‘नाविक’ प्रणाली आहे. तिचा पहिला उपग्रह 1 जुलै 2013 रोजी सुटला. विमानांसाठी जीपीएसच्या चुका दुरुस्त करणाऱ्या ‘गगन’ प्रणालीचे एक संदर्भ केंद्र नागपुरात आहे.